सहावी खाच

झेलिपाने बाबांची रिकामी दुनळी रायफल मांडीवर घेतली आणि करवत पुन्हा खाली ठेवली. लुआंग्वा नदीकाठच्या जंगलातली राखणदारी आता तिच्याकडे आली होती, पण बाबांच्या मापाचा लांब दस्ता उचलताना तिच्या काखेत अडकायचा. समोर चवताळलेला रानरेडा असला, तर तेवढा उशीर जिवावर बेतायचा. "दस्ता कापला आणि नेम बिघडला तर? शिवाय तुमच्या खाचांवरून करवत फिरवू?" तिने बाबांना विचारलं. दस्त्यावरच्या त्या सहा खाचा म्हणजे बाबांनी लोळवलेले सहा हत्ती, असं अख्खं गाव सांगायचं. शेंगा सोलता सोलता बाबा खुदकन हसले. "कसले हत्ती, पोरी! लोक म्हणायचे, मी मिरवून घ्यायचो. दर सुगीला तुझं बोट चापावर ठेवून बघायचो, कोपर दस्त्यावर कुठवर पोचतं ते. तिथं एक खाच पाडायचो." झेलिपाने शेवटची खाच कोपराच्या खोबणीशी आणली. तिचं बोट अलगद चापावर टेकलं. तिने करवत त्याच खाचेला लावली.