नारळाचं गाऱ्हाणं

केयूर सरांच्या नववीच्या वर्गात प्रश्न विचारला की आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं. आणि आज मागच्या बाकावर तपासणीचे साहेब. "एका तरी पोराने उत्तर दिलं पाहिजे, नाहीतर नोकरी कायम व्हायचं विसरा," असं बजावूनच ते बसले होते.

सरांनी पडणाऱ्या नारळाचं त्वरण विचारलं. सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या. शेवटी त्यांनी हात जोडले आणि सरळ देवळातल्या गाऱ्हाण्याचा सूर लावला, ज्यातल्या प्रत्येक मागण्याला गावात सगळे ओरडून होकार देतात.

"बा देवा म्हाराजा, दोन किलोचो नारळ माडावरसून सुटलो आसा."

"व्हय म्हाराजा," अख्खा वर्ग गरजला.

"वजन तेका वीस न्यूटनान खाली ओढता, हवा चार न्यूटनान वर ढकलता."

"व्हय म्हाराजा."

"तर दोघांची बेरीज करून, दोनान भागून, बारा त्वरण पदरात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा, हात जोडून, डोळे मिटून.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून अक्षया म्हणाली, "चार वजा करूचे हुते म्हाराजा. त्वरण आठ."

साहेबांनी डोळे न उघडताच मान डोलावली. "व्हय म्हाराजा."