नव्वद सेकंद

“लाईन जाऊन आली का हे असंच होते पाहा,” अ‍ॅडव्होकेट चिंतामणराव टीव्हीकडे रिमोट रोखून म्हणाले. “डब्बा चालू होते, पण पिक्चर एक बी दिसत नाही. यशोधनराव, तुमी त्यातलेच ना? जरा पाहून देता का?”

अकोल्याला मुलगी पाहायला आलेल्या यशोधनने आईकडे पाहिलं. रमाबाईंनी डोळ्यांनीच ‘कर’ म्हटलं. तेहतीस वर्षांच्या या चिरंजिवांनी आजवर नऊ मुलींत खोट काढली होती. आता अमरावतीत त्याच्यासाठी स्थळ सुचवायला कोणी धजत नव्हतं. “हे तरी हातचं घालवू नको,” असं रमाबाईंनी बडनेऱ्यापासून तीनदा बजावलं होतं.

पुण्यात चार वर्षं मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळल्याचा रुबाब यशोधनच्या अंगातून अजून उतरला नव्हता. टीव्हीखाली विणलेल्या रुमालावर ठेवलेला, सिनेमे साठवून टीव्हीवर दाखवणारा तो घरगुती मीडिया सर्व्हर पाहून त्याला हसूच आलं. दुकानदाराने गळ्यात मारला असणार. गाढवाला गुळाची चव काय!

“पासवर्ड?”

तो चिंतामणरावांच्या मुलीने, देवश्रीने टाकला. लॅपटॉपवर तिची बोटं भराभर चालली. टायपिंगचा क्लास केला असेल, असं त्याला वाटलं. कृषी विद्यापीठात ती काहीतरी करत होती. काय ते त्याने विचारलं नव्हतं.

त्याने डब्याच्या सेटिंगची फाईल उघडली आणि दोन मिनिटांत दोष पकडला. अशा डब्यात एकेक काम करणारे वेगवेगळे छोटे प्रोग्राम, म्हणजे कंटेनर असतात. वीज आली की ते सगळे एकदम उठतात. सिनेमे दाखवणारा कंटेनर मोठी डिस्क जोडली जायच्या आधीच उठत होता.

“पानं वाढायच्या आधीच येऊन बसतो आणि घरात काही शिजलंच नाही म्हणून ओरडतो,” बालवाडीच्या पोरांना सांगावं तसं त्याने सांगितलं. “आता याला नव्वद सेकंद झोपवून ठेवतो. मग उठू दे.”

“पण नव्वद सेकंदांत डिस्क नाही लागली तं?” देवश्रीने विचारलं. “डिस्क लागल्याशिवाय उठू नको, असं सांगता येते ना त्याले?”

यशोधन मोठ्याने हसला. “यूट्यूबवर पाहिलंत वाटतं? अहो, हे काही स्वयंपाकाइतकं सोपं नसतं.”

तिने आलूबोंड्यांची बशी त्याच्यापुढे केली. चिंतामणरावांनी मेन स्विच पाडून पुन्हा लावला. दीड मिनिटाने टीव्हीवर ओळीने सिनेमे आले. “वा, बाप्पा!” ते म्हणाले.

निघण्याआधी यशोधनने कोणाला न विचारता अमरावतीहून इंटरनेटवरून त्या डब्यात शिरायची सोय करून ठेवली. उद्या सासर झालं की ही माणसं ऊठसूट फोन करणार, त्यापेक्षा बरं.

परतताना मूर्तिजापूरला चहा घ्यायला थांबले, तेव्हा तो आईला म्हणाला, “माणसं गावंढळ आहेत, पण मुलगी चालेल. चार दिवसांनी होकार कळव. लगेच कळवला तर डोक्यावर बसतील.”

‘चालेल’ नुसतं म्हणायला. ती त्याला फार आवडली होती, इतकी की तीन दिवसांत त्याने मनातल्या मनात रिसेप्शनचं लॉनही ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी रमाबाई चष्मा लावून अकोल्याचा नंबर शोधायला बसल्या. आपली कारागिरी कशी चाललीय, तेही त्या फोनमध्ये सांगता यावं म्हणून यशोधन अमरावतीहून त्या डब्यात शिरला.

त्याचे नव्वद सेकंद गायब होते. जुना दोष परत जागेवर आला होता.

“कोणत्या अडाण्याने हात घातला यात?” तो चडफडला. फाईल कोणी, कधी आणि कशासाठी बदलली याची नोंद त्या डब्यात होती. अकोल्याला असताना ती उघडायचीही त्याला गरज वाटली नव्हती. आता त्याने उघडली.

“लागला रे फोन, रिंग जातेय,” रमाबाई म्हणाल्या.

वरच्या दोन्ही नोंदी देवश्रीच्या नावावर होत्या.

‘स्थळ सहावं, अमरावती. डिस्कची वाट पाहायला लावायच्या ऐवजी झोपवलं. विचारलं तर हसला. नकार.’

‘बिघाड पुन्हा जसाच्या तसा घालून ठेवला. रविवारी चांदूर बाजारचं स्थळ येणार आहे.’