शेवटची सुकी पुरी

रायपूर राजधानी झालं, माझी इथं बदली झाली, अन् पहिल्याच रविवारी संध्याकाळी मी शिशिरभाऊंच्या गुपचुप-फेरीत घुसले. गुपचुप म्हणजे आपली पाणीपुरी. इथल्याच तात्यापारा मोहल्ल्यात जन्मलेले शिशिरभाऊ आम्हा नव्या लोकांना एकेका ठेल्यावर नेऊन खाऊ घालत होते. सगळ्यांत उतावीळ मीच.

खाऊन झालं की शेवटी एक सुकी पुरी फुकट मिळते. फक्त एकदाच.

पहिल्या ठेल्यावर मी त्यासाठी हात पुढे केला. ठेलेवाला हसला. "दीदी, सूखी तो आप ले गईं."

"मी? मी तर आत्ता आली!"

"हव, इन सबके आने से पहले. यही पीला दुपट्टा."

सगळे हसले. मीही.

दुसऱ्या ठेल्यावर पुन्हा तेच. "अभी तो भागते-भागते गईं आप."

"ताई, कोणी तरी तुमच्या पुढं जाऊन राहिलंय," शिशिरभाऊ म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

"मग मी गाठतेच तिले!" मला भलतीच मजा वाटली. ब्राह्मणपाऱ्यातल्या शेवटच्या ठेल्याची गल्ली विचारली आणि पळत सुटले.

तिथं कोणी नव्हतं. "पहली बार आई हैं, दीदी?" ठेलेवाल्यानं विचारलं. म्हणजे मी जिंकले! भराभर गुपचुप खाल्ले आणि हक्कानं सुकी पुरी मागून घेतली.

तेवढ्यात आमची मंडळी आली. शिशिरभाऊंच्या शेजारून पिवळा दुपट्टा घेतलेली, हुबेहूब माझ्याच चेहऱ्याची एक जण लगबगीनं पुढं झाली, आणि खाऊन झाल्यावर तिनं हात पसरला.

ठेलेवाला माझ्या आरपार तिच्याकडे पाहून हसला.

"दीदी, सूखी तो आप ले गईं."