तिसऱ्या मजल्यावरची घर्रघर्र

"मेन स्विच बंद कर म्हणतोय ना!" विद्याधर ओरडले. बायकोने, शुभाने, खटका खाली ओढला. पंखा थांबला. बॅटरीवरच्या वायरलेस सेटमधली घर्रघर्र मात्र तशीच.

"म्हणजे आपलं घर सुटलं," ते म्हणाले. मुलुंडच्या त्या सोसायटीत संशय घ्यायला दारं पुष्कळ होती, आणि प्रत्येक दाराशी त्यांचं काही ना काही भांडण शिल्लक होतंच.

देवगडचा चंद्रप्रकाश रोज संध्याकाळी हॅम रेडिओवर त्यांच्याशी बोलायचा. कॉलेजपासूनचा शिरस्ता. फोन करायचा नाही. जो करेल तो हरला, अशी पैज. शेवटच्या वेळी तो खोकत म्हणाला होता, "रिपोर्ट आला की सांगतो रे." मग विद्याधरांचीच अँजिओप्लास्टी निघाली. घरी येऊन सेट लावला, तर नेमकी चंद्रप्रकाशच्या वेळेला ही घर्रघर्र!

"कुणाचा तरी भिकार चार्जर आहे. आत फिल्टरचा पत्ता नाही, आणि अख्खा बँड नासवतोय!"

"डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हटलंय," शुभा म्हणाली. "उद्या बघू ना."

"रोज तुझं उद्या!"

खिशातला रेडिओ कानाला लावून ते जिना चढले. शुभा मागोमाग. दारागणिक आवाज वाढला आणि तिसऱ्या मजल्यावर शेवंतीच्या दाराशी किंचाळला. शेवंतीच! ओले कपडे यांच्या खिडकीवर निथळवणारी.

"मुद्दाम करतेस ना? कपड्यांवरून बोललो, त्याचा सूड?"

एरवी एकाला चार सुनावणारी शेवंती नुसती शुभाकडे बघत राहिली. "काकांनू, आधी बसा. छाती सांभाळा."

"माझ्या छातीची काळजी तुला नको. सरक!"

टीव्हीमागे एक काळा अ‍ॅडाप्टर तापला होता. त्याच्या वायरीला काहीच जोडलेलं नव्हतं.

"नुसताच लावून ठेवलाय! लाज नाही वाटत?" त्यांनी तो उपटला. रेडिओ गप्प झाला. शेवंतीने पदराने डोळे टिपले. जिरली हिची, असं वाटून विद्याधर मनातून खूश झाले.

खाली येऊन ते सेटसमोर बसले. बँड काचेसारखा स्वच्छ.

"चंद्या, बोल रे. चोर पकडला." थांबले. पुन्हा हाक मारली. मग शुभाकडे वळून म्हणाले, "आता टाचणी पडली तरी ऐकू येईल. बोलेलच तो."

शुभाने त्यांच्या हातातला माइक अलगद काढून घेतला.

"आता कधीच नाही बोलणार हो तो. म्हणून तर तो अ‍ॅडाप्टर मी शेवंतीकडे लावायला दिला होता."