छोट्या देशाची माहिती

नवऱ्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी बसेना, म्हणून हिरूने सगळे कपडे पुन्हा बाहेर काढले. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. जाड, गुळगुळीत पानांचं. अक्षरं इंग्रजी होती. चित्रं मात्र तिच्या ओळखीची निघाली.

वाळवंटात एकटंच उभं असलेलं झाड. कातडी पिशवी घेऊन समुद्रात बुडी मारणारा माणूस. जुन्या लोकांच्या थडग्यांचे ओळीने उंचवटे.

बुधाजी चार वर्षांपासून बहरीनला गवंडीकाम करत होता. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठी तिथे एक मोठं हॉटेल बांधलं जात होतं. त्याच्या प्रत्येक पत्रात त्या देशाचं एक नवल असायचं. तिथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत. तिथलं एक झाड शेकडो वर्षांचं आहे आणि त्याला पाणी कुठून मिळतं ते कुणालाच ठाऊक नाही. हिरू चौथीपर्यंत शिकलेली. ती लेकीला, जनीला, जवळ घेऊन ओट्यावर बसायची आणि पत्र मोठ्याने वाचायची. सगळी आळी ऐकायला यायची.

"तुजा नवरा भिंती बांधतो का देश बघत फिरतो गं?" शेजारची येसूबाई विचारायची.

"दोनी करतो," हिरू ऐटीत म्हणायची.

या सुट्टीत, दहाव्या दिवशी, जेवताना बुधाजी म्हणाला होता, "या खेपेला नाय गेलो तर?" हिरू हसली होती. "एवढं बघायचं सोडून? पळसदरीत काय हाय?" त्याने पुढचा घास घेतला होता. आज तिसावा दिवस होता.

प्रत्येक चित्राशेजारी पेन्सिलीने तारीख घातलेली होती. अक्षर बुधाजीचं. 'हिरूला लिहिलं, १२ मार्च.' 'हिरूला लिहिलं, ३० एप्रिल.' तिला पत्रांच्या तारखा पाठ होत्या. पुस्तकातल्या आणि पत्रांतल्या जुळत होत्या.

ती मागच्या दारी गेली. जायच्या दिवशीही बुधाजी पडवीच्या भिंतीला गिलावा करत होता.

"अवं, ते झाड तुमच्या खोलीपासनं किती लांब?"

थापी थांबली. "आसंल काय तरी."

"आन् समुद्रातलं पानी? गोड लागलं?"

त्याने थापी घमेल्यात ठेवली. "शुक्रवारची येक सुट्टी, हिरू. कापडं धुवायची नि झोपायचं. हॉटेलाच्या पलीकडं काय हाय, मला ठावं नाय. दुकानदारानं पुस्तक दिलं. येक मलबारी पोरगा वाचून सांगायचा."

"मंग आपलं सोताचं का नाय लिवलं?"

"त्यात काय लिवायचं?" बुधाजी म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

हिरू आत आली. पुस्तक मिटताना शेवटची पानं उलगडली. प्रवाशांनी आपल्याला हवं ते टिपून ठेवावं, म्हणून ती कोरी सोडलेली होती. ती भरली होती. आकडे घालून, पुस्तकातल्यासारखीच.

'१. लांबी: फणसापासून विहिरीपर्यंत ब्याऐंशी पावलं.

२. पाणी: विहिरीचं. वैशाखात तळाला जातं, पण गोड.

३. झाड: फणस. आईने लावला. पाणी कुठून मिळतं ते माहीत आहे. हिरू भांडी घासते तिथून.

४. भाषा: जनी र ला ल म्हणते. (आता म्हणत नसेल.)'

पाचव्या ओळीवर खाडाखोड होती. 'लोकसंख्या: तीन.' त्यातल्या तीनवर काट मारून पुढे दोन लिहिलं होतं, आणि बाजूला तारीख. सासूबाई गेल्याची तार त्याच्या हाती पडली ती तारीख असणार.

'६. सुट्टीवर येणाऱ्यांना राहायची मुभा: तीस दिवस.'

हिरूने मनाशी मोजलं. सासूबाई, आपण, जनी: तीन. सासूबाई गेल्या. आपण आणि जनी: दोन. तिने पुन्हा मोजलं. त्याने स्वतःला धरलंच नव्हतं.

"हिरू, भरली का गं बॅग?" बाहेरून हाक आली. "गाडीला तासच हाय."

तिने जनीच्या दप्तरातून पेन्सिल काढली. दोनवर काट मारून ठळक तीन लिहिलं, आणि लोणच्याची बरणी उचलून परत फळीवर ठेवली.