उजव्या हाताची तीन बोटं

यतीनला त्या रविवारी एक सही मिळवायची होती. व्हिसाचं सहावं आणि शेवटचं वर्ष चालू होतं. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीतून पुढे सरकायला मॅनेजरची सही लागत होती, आणि मॅनेजर गॅरी तीन आठवडे "बघू" म्हणत होता. अशा माणसाने घरी जेवायला बोलावलं, तर कागद गाडीत ठेवून जावं, एवढं शहाणपण यतीनकडे होतं. बायकोने, हिमानीने, वर गाजराच्या हलव्याचा डबा घेतला.

गॅरीचं घर त्यांच्याच गावात, दहा मिनिटांवर. दार त्याच्या मुलाने उघडलं. काइल, वय एकवीस, रुंदी दाराएवढी. त्याने यतीनचा उजवा हात असा दाबला की सुटल्यावर यतीनला बोटं मोजून घ्यावीशी वाटली. मागे उभा असलेला गॅरी कौतुकाने हसला.

जेवण झाल्यावर सगळे बेसमेंटमध्ये उतरले. काइलच्या आईने प्रेक्षकांच्या स्टँडमधून फक्त काइलवर कॅमेरा धरून अख्ख्या सीझनचं शूटिंग केलं होतं, त्याची डीव्हीडी लागली. टीव्हीशेजारी पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलेलं होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून काइलला व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये उतरायचं असेल, तर त्यातला अर्ज मंगळवारपर्यंत पोचायला हवा होता.

"हा लेफ्ट टॅकल," गॅरी म्हणाला. "चेंडू फेकणाऱ्याच्या अंगावर जो धावून येतो त्याला अडवायचं, एवढंच याचं काम. इथे आलेला प्रत्येक जण म्हणतो, पोरगा तयार आहे. तू सॉफ्टवेअर टेस्टर आहेस. लोकांच्या चुका काढायचा पगार घेतोस. याच्यात काढून दाखव."

यतीन गोंधळला. काढून दाखव म्हणजे खरंच काढायची, की गणपतीत कोणाच्या मुलीचं गाणं झाल्यावर "कसं वाटलं?" विचारतात तसं?

"छान आहे म्हण आणि मोकळा हो," हिमानी मराठीत पुटपुटली.

यतीनला हा खेळ सहा वर्षांत कळला नव्हता. चेंडू कुठे जातो तेच त्याला दिसायचं नाही. इथे तर कॅमेऱ्यात चेंडू नव्हताच, नुसता काइल होता. वाकायचा, उजव्या हाताची तीन बोटं जमिनीला टेकवायचा, मग उसळायचा, कधी पुढे घुसायला, कधी मागे सरून अडवायला. पन्नासएक डाव झाल्यावर यतीनने रिमोट मागून घेतला आणि चित्र मागे नेलं. मग पुन्हा पुढे. सवय वाईट.

"पुढे घुसायचं असलं की हा बोटांवर भार देतो. खांदा पुढे येतो, बघ. मागे सरायचं असलं की बोटं नुसती टेकवतो."

"पुढे म्हणजे चेंडू घेऊन पळायचा डाव, मागे म्हणजे फेकायचा," गॅरी म्हणाला. "म्हणजे समोरच्याला आधीच कळतं?"

"मला कळलं. मला तर खेळही येत नाही." इथे थांबायला हवं होतं. "पण पहिल्या तीन मॅचमध्ये असं नाहीये. चौथीपासून आहे. मध्ये काहीतरी बदललंय."

गॅरीने टीव्ही बंद केला आणि मुलाकडे वळला.

"मनगट दुखतंय?"

"ऑक्टोबरपासून," काइल म्हणाला.

"कोचला माहितीये?"

काइलने मान हलवली. नाही.

यतीनला वाटलं, आता पाकीट फाटणार आणि त्याबरोबर आपली सहीही. हिमानीने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

गॅरीने कार्पेटकडे बोट दाखवलं. "बस."

काइल तिथेच वाकला आणि तीन बोटं टेकवली.

"भार दे. अजून. पळायचा डाव असो की फेकायचा, दर वेळी एवढाच."

बोटांची पेरं पांढरी पडली. गॅरी शांतपणे वीसपर्यंत आकडे मोजत होता. बाराच्या सुमाराला काइलचा जबडा हलला, पण खांदा हलला नाही.

"आता सांग," गॅरीने यतीनला विचारलं. "काही फरक दिसतो?"

यतीनने वाकून पाहिलं. "नाही."

खरंच दिसत नव्हता. ऑफिसात यालाच 'चूक दुरुस्त' असा शेरा मारून पुढे जात.

"झालं तर मग," गॅरी म्हणाला. "हे या खोलीबाहेर जाणार नाही. ऊठ, काइल." त्याने खिशातून पेन काढलं. "यतीन, तुझे ते कागद गाडीत असतील ना? घेऊन ये. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?"

निघताना काइल पुन्हा दारात होता. त्याने हात पुढे केला, तो डावा. यतीनचा उजवा हात अर्ध्यावर गेलेला. तो मागे घेऊन त्याने डावा दिला. काइलने तो नुसता धरला आणि सोडला.

गाडी कोपऱ्यावर वळल्यावर हिमानी म्हणाली,

"डावा हात दिला रे त्याने. राग धरलाय पोराने. तुला कोणी सांगितलं होतं एवढं बारीक बघायला?"

"गॅरीनेच सांगितलं."

"सांगतात. पण काम झालं ना?"

"झालं."

"मग तोंड का असं?"

सही मागच्या सीटवरच्या फाइलमध्ये होती. पाकीट उद्या पोस्टात पडणार होतं. हलव्याचा डबा तिकडेच राहिला, असं हिमानी म्हणत होती, नवा होता. सिग्नलला थांबल्यावर यतीनने उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि बोटं उघडून मिटून पाहिली. आत शिरताना त्या पोराने दुखऱ्या हाताने ती किती जोरात दाबली होती. आणि तेव्हा गॅरी मागेच उभा होता.