नदीकडं उतरायची वाट

धावून त्या पोरीला काय मिळत होतं, हा हिशेब जयवंताला काही केल्या लागेना. मागं कुत्रं नाही, पुढं सुटणारी एसटी नाही. तरी दर शनिवारी सकाळी ती टेकडी उतरून त्याच्या बांधावरून नदीकडं धावत जायची. करणाऱ्याचा फायदा दिसत नसला की तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो, एवढं जमिनीच्या व्यवहारांनी रिह्याच्या खोऱ्याला शिकवलं होतं.

आज ती धावत नव्हती. करंजाच्या फांदीला नारिंगी फीत बांधत होती, आणि बांधावर फक्कीचा पांढरा बाण काढून झाला होता. खोऱ्यात फक्की घेऊन येणारा माणूस जाताना काय घेऊन जातो, हेही जयवंताने पाहिलं होतं.

"काय मोजताय, ताई?"

"मोजत नाही, काका. उद्या आमची रेस आहे. डोंगरावरून नदीपर्यंत. रस्ता चुकू नये म्हणून खुणा." पोरीचं नाव अपेक्षा, राहायला बाणेरला.

"बक्षीस काय?"

"मेडल. पूर्ण करेल त्या प्रत्येकाला."

"शेवटून येनाऱ्याला बी?"

"त्यालाही."

"आन ह्ये मेडल वाटतंय कोन?"

"आमच्याच एंट्री फीमधून येतात."

पैसे भरून धावायचं, आणि हरलं तरी बिल्ला. जयवंताचा संशय इथं पक्का झाला. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही वाट कुनी दावली तुमास्नी?"

"पलीकडच्या शेतातल्या काकांनी. मी विचारलं नदीकडे कुठून उतरू, तर म्हणाले, जयवंताच्या बांधावरून." तिने मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. "आता मॅपवर आलीय. बघा, ही रेघ."

"पुसता येती का?"

"कशाला पुसायची?"

पलीकडचे काका म्हणजे चुलतभाऊ दादासाहेब. त्याला नदीकाठचा तुकडा बंगलेवाल्याला विकायचा होता आणि घेणाऱ्याला रस्ता हवा होता. रस्ता स्वतःच्या रानातून द्यावा तर स्वतःचं रान कमी होतं. जयवंताच्या बांधावरून माणसं चार दिवस गेली की वहिवाट म्हणायची, वहिवाट झाली की तहसीलदाराला आणायचं. सगळा हिशेब आता कसा चोख लागला.

"पोरगी पळतीया, पळू द्या की," म्हैस सोडता सोडता फुलाबाई नवऱ्याला म्हणाली. "तुमचा बांध काय झिजतोय?"

"तुला न्हाई कळायचं."

"व्हय, मला फकस्त म्हस कळती," म्हणत ती त्याच बांधावरून म्हैस घेऊन नदीवर गेली.

दिवे लागायच्या वेळी जयवंताने करंजावरची फीत सोडली आणि शेजारी दादासाहेबाच्या बांधावरच्या उंबराला बांधली. फक्कीचा बाण पायाने पुसला. स्वतःच्या बांधाच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या ओढल्या आणि समाधानाने जेवला.

रविवारी रंगीबेरंगी बुटांची रांग दादासाहेबाच्या बांधावरून गेली. बांध अरुंद, म्हणून अर्धे जण वालाच्या वाफ्यातूनच गेले. जयवंत ओट्यावर बसून चहा पीत पाहत होता. शेवटचा धावणारा दिसेनासा झाला आणि दादासाहेब हातात फीत घेऊन अंगणात आला.

"त्या पोरीनं समद्या फितींची फुलं बांधल्याती," तो म्हणाला. "ही येकच गाठ दाव्याची हाय. म्हस बांधायची. माझ्या रानातनं वहिवाट पाडतुयास व्हय, जयवंता?"

"आदी तू माझ्यातनं पाडीत व्हतास."

"मी? तिनं नदी इचारली, मी नदी दावली. सारा गाव तुझ्याच बांधावरनं उतरतोय की."

"म्हंजी कबूल केलंस."

दादासाहेबाने फीत तिथंच टाकली. संध्याकाळपर्यंत त्याच्याही बांधाच्या तोंडाला काटेरी तार लागली होती.

शिमगा झाला तरी तार हलली नाही आणि बाभळही हलली नाही. एकाने आधी काढली असती, तर आपलाच संशय खोटा होता असं कबूल केल्यासारखं झालं असतं. दोघांचेही बांध शाबूत राहिले. दादासाहेबाची वालाची वेल पुन्हा वर चढली. अपेक्षाला तर काहीच तोटा नव्हता. तिने पुढच्या खेपेला दुसरी वाट शोधली.

ती वाट जयवंताच्या घरामागच्या माळावरून टेकाडाला पूर्ण वळसा घालून नदीत उतरत होती. माळ जयवंताचाच. तिथल्या हिरड्याला फीत दिसताच तो तरातरा वर गेला.

"आता ही कुनी दावली?"

"कुणीच नाही, काका. पडलेलीच आहे की." अपेक्षाने खाली बोट दाखवलं. गवतातून चांगली हातभर रुंद, पायाखाली घट्ट झालेली तांबडी वाट गेली होती. "रोज कुणीतरी जातंय इथून."

तेवढ्यात खालून घंटा वाजली. आधी जयवंताची म्हैस वर आली, मग दादासाहेबाची. त्यांच्या मागून फुलाबाई आणि दादासाहेबाची बायको आशालता, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, चढ चढत आल्या. अपेक्षा बाजूला सरली. फुलाबाई दगडावर टेकली आणि दम घेत गुडघा दाबत राहिली. मग तिची नजर फितीवर गेली, तिथून नवऱ्यावर, आणि शेवटी पोरीवर.

"शेवटून येनाऱ्याला बी मेडल देता म्हनं," ती म्हणाली. "मग आमा दोघींचं ठिवा काढून."